पेटी जुनीच ठेवली: दहा वर्षांचा डेस्कटॉप गेमिंगसाठी बदलताना

२०२५ साली राखी ९ ऑगस्टला होती. धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि ओवाळणी टाकताना म्हणाला, "ताई, तुझ्या खात्यावर एक गेम टाकलाय. आता दोघं मिळून खेळायचं." गेम होता बाल्डर्स गेट ३. जूनमध्ये तो नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याआधी आम्ही कायम एकाच कॉम्प्युटरवर पाळी लावून खेळलो. अर्धा तास तो, अर्धा तास मी, आणि भांडण झालं की आई वायर काढायची. आता तो तिकडून आणि मी इकडून, एकाच गोष्टीत दोन पात्रं होऊन खेळू शकत होतो. त्याच्याकडे नवा लॅपटॉप. माझ्याकडे जून २०१५ चा डेस्कटॉप.

तो डेस्कटॉप बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला होता. मी तेव्हा बीसीएला होते आणि बाबा यंत्रमागावर जॉबर. दर खंडेनवमीला त्याच्यावर हळदकुंकू पडतं, झेंडूचं फूल पडतं. पुढच्या झाकणावरचा कुंकवाचा डाग आता पुसला तरी जात नाही. आत आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, डीडीआर३ ची ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि २०१६ साली माझ्या पहिल्या पगारातून टाकलेलं जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड.

गेमला काय लागतं ते आम्ही त्याच संध्याकाळी वाचलं. किमान आय५-४६९०, ८ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि १५० जीबी जागा, तीही एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्कवर. माझा प्रोसेसर या ४६९० च्याच पिढीतला. त्यामुळे दोघांचंही मत पडलं, एक ग्राफिक्स कार्ड टाकलं की झालं. पुढचे चार महिने आणि बराच पैसा कसा गेला ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला कुणी हे क्रमानं सांगितलं असतं तर बरंच सोपं झालं असतं.

ऑगस्ट: आधी नुसतं उघडून बघितलं

गेम उतरवायला रात्रभर लागली. रविवारी सकाळी चालू केला, पहिलं दृश्य यायलाच चार मिनिटं. वीसेक मिनिटांनी सगळंच बंद पडलं. पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांत पुन्हा बंद. तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं तर प्रोसेसर ९६ अंशांवर.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. भिंतीपलीकडे टॉवेलच्या मागांची शेड आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडाट चालू असतो आणि हवेत कापसाची रुई उडत असते. बाबांनी बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवरचा पंखा उचलल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. वर करड्या-गुलाबी रंगाचा थर बसला होता. बाबांनी नखानं एक कोपरा उचलला आणि सबंध थर एका तुकड्यात निघाला, पंख्याच्या मापाचा, मध्ये गोल खळगा पडलेला. हातात धरला तर अगदी टॉवेलचा तुकडा. बाबा म्हणाले, "मागाखाली हे साचलं की माग थांबवतो आम्ही. ह्याला कुणी थांबवलंच नाही बघ."

शेजारच्या शेडमधून ब्लोअर आणला. ब्लोअर मारताना पंखे बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते उलटे जोरात फिरतात आणि खराब होऊ शकतात. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून १८० रुपयांची नवी लावली. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. तापमान थेट ७१ वर आलं आणि मशीन बंद पडायचं थांबलं. खर्च १८० रुपये. पूर्व भागात किंवा एमआयडीसीजवळ राहत असाल तर दुसरं काहीही विकत घ्यायच्या आधी एवढं करून बघाच.

त्यानंतर भावानं मला मोजायला शिकवलं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडायचा आणि काय शंभर टक्क्यांवर अडकलंय ते बघायचं. माझ्याकडे डिस्क १००, रॅम ९५, प्रोसेसर १०० आणि ग्राफिक्स कार्डही ९९. चारही जागी कोंडी. चित्रं सेकंदाला १४ ते १८. तरी एकदम सगळं घ्यायचं धाडस नव्हतं, म्हणून १४ ऑगस्टला ३,१०० रुपयांना ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. विंडोज सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची, ती २५ सेकंदांवर आली. गेम सुरू व्हायला लागला, पण खेळण्यासारखा नव्हता. तुम्हाला गेम खेळायचे नसतील, नुसतं टॅली, इंटरनेट, मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर एसएसडी आणि सफाई एवढ्यावर थांबलात तरी जुनं मशीन छान चालतं.

कार्ड घेता घेता थांबले

महिनाअखेरीला नवी पेठेच्या बाजूला तीन दुकानं फिरले. एका दुकानात आरएक्स ५८० हे ८ जीबीचं कार्ड साडेसहा हजारांना मिळत होतं. बिल नाही, वॉरंटी एक महिना तोंडी. मी घेणारच होते. खोक्याचा फोटो भावाला पाठवला तर त्याचा लगेच फोन, "थांब ताई, खोक्यावर २०४८एसपी लिहिलंय." खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २,३०४ शेडर, म्हणजे चित्र काढणारी बारीक युनिटं, असतात. २०४८एसपी नावाचा प्रकार म्हणजे जवळजवळ आरएक्स ५७०. त्यातले पुष्कळ क्रिप्टो कॉइन काढायच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस चालवून मग पॉलिश करून विकायला येतात.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच कारणानं. दुसऱ्या दुकानातल्या मालकांनी विचारलं, "ताई, सप्लाय कुठला आहे? लेबलचा फोटो आणा." घरी येऊन बघितलं. २०१५ साली पेटीबरोबर, म्हणजे कॅबिनेटबरोबर, फुकट आलेला पॉवर सप्लाय, बाजूला मोठ्या अक्षरात ४५० वॉट. त्याखाली बारीक तक्ता असतो, तो मी दहा वर्षांत कधी वाचला नव्हता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यासमोर १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यत्वे या १२ व्होल्टवरच जगतात. आरएक्स ५८० एकटंच १८५ वॉट मागतं. ते कार्ड त्या सप्लायवर लावलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. मशीन बाबांनी कर्ज काढून घेतलेलं होतं.

त्या मालकांच्याच दुकानातून पुढे सगळी खरेदी केली. विकायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारला, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

सप्टेंबर: अर्थिंग

सप्लायचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट बाबांना सांगितली. उघड्या पायानं पेटीला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. कित्येक वर्षं यायच्या, आम्ही चप्पल घालून बसायचो. बाबांनी टेस्टर लावला, दिवा पेटला. वायरमननं मल्टिमीटर लावला तर पेटी आणि जमीन यांच्यामध्ये ९० व्होल्टच्या वर. त्यानं समजावलं ते असं: कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये एक फिल्टर असतो, तो गळतीचा थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो. अर्थिंग तुटलं असेल तर त्याला जायला वाट नाही, तो पेटीवरच राहतो. आमच्या बोर्डाला तिसरी पिन होती, पण मागे वायरच नव्हती. घराचा अर्थिंगचा मूळ खड्डाही कोरडा ठणठणीत, सोलापूरच्या मे महिन्यात त्यात कोण पाणी ओतणार.

नवा खड्डा, कोळसा, मीठ, पाइप, पट्टी आणि मजुरी मिळून २,३०० रुपये, दोन दिवस. झिणझिण्या गेल्या. नवं कार्ड किंवा बोर्ड आणायच्या आधी हे नक्की तपासून घ्या, विशेषतः घर जुनं असेल तर. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो. चार-पाच दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या घरात बादलीभर पाणी जमिनीत ओतणं आईच्या जिवावर येतं, म्हणून आता भाज्या धुतलेलं पाणी त्यासाठी साठवते.

ऑक्टोबर: सगळंच बदलायचं ठरलं

मदरबोर्ड बदलायचा की नाही यावर मी तीन आठवडे घातले. ठेवावा असं वाटण्याचं कारण उघड होतं, पैसे वाचत होते. बदलायची कारणं तीन होती. एक, एच८१ बोर्डावरचा कार्डाचा खाचा जुन्या पीसीआय २.० जातीचा आहे. नवी मध्यम किमतीची बरीच कार्डं त्या खाच्याच्या आठच वाटा वापरतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्यांचा वेग मार खातो. दोन, माझा प्रोसेसर चार कोअरचा, आणि या गेममध्ये तिसऱ्या भागात जे मोठं शहर येतं तिथे प्रोसेसरवरच जास्त ताण येतो. तीन, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेता येतात, तेवढ्यानं काम भागत असेल तर घाई करू नका. माझं भागणार नव्हतं.

दिवाळीचा बोनस ८ तारखेला हातात आला. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे पैसे येण्याआधी तक्ता तयार होता. शनिवारी, ११ ऑक्टोबरला, बाबांना घेऊन गेले आणि पुढचं सामान घेतलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर १०,२०० ला. सहा कोअरचा आहे, ६५ वॉटचा, आणि खोक्यात पंखा येतो. बी५५०एम मदरबोर्ड ८,९००. डीडीआर४ रॅम, ८ जीबीच्या दोन काड्यांची जोडी, ४,३००. जुनी डीडीआर३ नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी आणखी वेगवान, ५,६००. ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा सप्लाय ४,१५०. आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड २०,८००. १२० मिलिमीटरचे दोन पंखे ९००. विंडोज ११ चं नवं लायसन्स ८,२००, कारण जुनं लायसन्स जुन्या मदरबोर्डाला बांधलेलं होतं. एकूण ६३,०५० रुपये, जीएसटी धरून.

६६०० घ्यायचं मुख्य कारण त्याची भूक. १३२ वॉट, आठ पिनची एकच वायर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो आणि माझ्या खोलीत एसी नाही. जेवढे वॉट आत जातात तेवढी उष्णता खोलीत बाहेर पडते. त्यामुळे आणखी दहा हजार घालून जास्त ताकदीचं कार्ड घेण्याचा विचार मी मुद्दाम सोडला.

मदरबोर्डाच्या खोक्यावर रायझन ५००० साठी तयार असल्याचं स्टिकर आहे का ते बघा. असलं तरी दुकानातच एकदा प्रोसेसर बसवून चालू करून दाखवायला सांगा. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, जुनी असेल तर पडदा काळाच राहतो आणि घरी आल्यावर दोष कशाचा ते कळत नाही. मालकांनी न कुरकुरता दाखवलं. बिलही पक्कं दिलं. पण त्या बिलावर रॅमचे सिरियल नंबर लिहिलेले नव्हते आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. ते पुढे महागात पडलं.

जोडणी

पेटी बदलायची नाही हे बाबांचं म्हणणं होतं आणि माझंही. फक्त तिला हवा नव्हती. पुढून सपाट बंद पत्रा, मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा. बाबांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पुढचा पत्रा गोल कापून आणला, २५० रुपयांत, कुंकवाचा डाग असलेला कोपरा तसाच ठेवून. कापलेल्या जागी आतून दोन पंखे आणि बाहेरून नायलॉनची बारीक जाळी बसवली, चुंबकाच्या पट्टीवर, म्हणजे ओढली की निघते.

दुसरी अडचण लांबीची. कार्ड २४० मिलिमीटर आणि हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा २३५. पिंजरा रिव्हेटनं ठोकलेला होता. ड्रिलनं चार रिव्हेट उडवून काढला. हे काम पेटी पूर्ण रिकामी असताना, गच्चीवर करा आणि नंतर आतून चुंबक फिरवा. लोखंडाचा एक कण बोर्डाखाली राहिला तरी शॉर्ट होऊ शकतं.

रविवार, १९ ऑक्टोबर. दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. प्रोसेसरच्या खाली बारीक पिना असतात, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपसूक खाली बसतो. जोर अजिबात लावायचा नाही. खोक्यातल्या पंख्यानं तासभर खाल्ला. त्याला चार स्क्रू आहेत आणि बोर्डावर आधीच प्लास्टिकच्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्या काढायच्या असतात, मागची लोखंडी पट्टी मात्र हातानं धरून ठेवायची, नाहीतर ती खाली पडते. पेस्ट पंख्याला लावूनच येते, वेगळी लावू नका. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे दोन-दोन फेरे. हे बाबांनी न सांगताच तसं केलं. रॅम दोनच काड्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

वायरी बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या आणायच्या राहिल्या होत्या. बाबा आत जाऊन जाड दोऱ्याचं बॉबीन घेऊन आले. मशीनच्या मागच्या बाजूला, जिथे हात जेमतेम शिरतो तिथे, त्यांनी दोन बोटांनी दोरा फिरवला, टोक खालून घेतलं, ओढलं. तुटलेला ताण्याचा धागा सांधतात तीच गाठ. इतकी बारीक की झाकण लावताना जाणवतही नाही. सात ठिकाणी बांधल्या. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली. चष्मा कपाळावर ढकलून ते गाठ मारत होते आणि मी टॉर्च धरून उभी होते.

संध्याकाळी साडेसातला बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डावरचा दिवा लागला, पडदा काळा. रॅम काढून घातली. कार्ड काढून घातलं. वायरी तपासल्या. साडेनऊ वाजले, माझे हात थरथरत होते. शेवटी भावाला व्हिडिओ कॉल केला, तर त्यानं विचारलं, "वायर कुठल्या भोकात लावलीय?" एचडीएमआयची वायर मी मदरबोर्डाच्या भोकात लावली होती. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्सच नाही, त्यामुळे बोर्डाच्या भोकातून चित्र येणारच नाही. वायर खालच्या, कार्डाच्या भोकात लावली. चित्र आलं. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि आम्हाला दिली.

एक आणखी. माझा जुना मॉनिटर फक्त व्हीजीए या जुन्या प्रकारच्या वायरवाला, आणि नव्या कार्डाला व्हीजीए नसतं. म्हणून ही सगळी जोडणी हॉलमधल्या टीव्हीसमोर चालली होती. जुन्या एसएसडीवरून सुरू व्हायला नव्या बोर्डानं नकार दिला, कारण तिच्यावरचं विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं होतं. मी त्यात वेळ घालवला नाही. नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाकलं आणि जुनी फक्त फोटो नि फाइलींसाठी ठेवली. बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग ३२०० वर नेला, नाहीतर ती मुकाट्यानं कमी वेगावरच चालत राहते.

भाऊबीज २३ तारखेला. भाऊ लॅपटॉप घेऊन घरीच आला होता. ओवाळून झालं, चिवडा-चकलीचं ताट मध्ये घेतलं आणि तो लॅपटॉपवर, मी टीव्हीवर, रात्री दीडपर्यंत खेळलो. जंगलातल्या भागात ६० च्या वर चित्रं येत होती. आईची मालिका त्या दिवशी बुडाली, तिनं काही म्हटलं नाही.

रॅम आणि तिची वॉरंटी

२५ तारखेला गेम अचानक बंद. मग निळा पडदा. मग दिवसातून चार-पाच वेळा. आधी कार्डावर संशय आला, ड्रायव्हर पूर्ण काढून नवे टाकले. फरक नाही. भावानं मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घालून दिलं. रात्रभर चालवलं आणि सकाळी पडद्यावर लाल ओळी. एकेक काडी वेगळी लावून पुन्हा तपासलं, एका काडीत दोष पक्का. बायोसमध्ये वेग कमी करूनही चुका येतच होत्या.

इथून पुढचं तारखांसकट लिहिते.

२७ ऑक्टोबरला कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तिकीट नंबर मिळाला. २९ ला उत्तर: दोन्ही काड्यांच्या लेबलचे फोटो, चाचणीच्या पडद्याचा फोटो आणि सिरियल नंबर असलेलं बिल पाठवा. बिलावर नंबर नव्हता. दुकान दिवाळीनंतर ३ नोव्हेंबरला उघडलं. मालकांनी बिलावर नंबर लिहून सही-शिक्का दिला, आणि स्वतःहून ८ जीबीची एक काडी तात्पुरती वापरायला दिली. जोडी म्हणून घेतलेली रॅम जोडीनंच पाठवावी लागते, त्यामुळे ती काडी नसती तर महिनाभर मशीन बंदच राहिलं असतं. ४ ला मंजुरीचा नंबर आला. ५ ला सुट्टी होती, ६ ला कुरिअर केलं, पुण्याच्या सेवा केंद्राच्या पत्त्यावर, २१० रुपये. ते पैसे आपणच भरायचे असतात. पाकीट बंद करण्यापूर्वी आतल्या मालाचे आणि बंद केल्यानंतर वरच्या पत्त्याचे फोटो काढा. मी काढले होते, कारण ८ तारखेला पोहोचलेलं पार्सल त्यांच्या नोंदीत १३ पर्यंत आलंच नव्हतं. पोच पावती पाठवल्यावर आलं.

१७ नोव्हेंबरला मेल: ही रॅम सध्या उपलब्ध नाही, बिलाची रक्कम परत घ्या किंवा थांबा. या मधल्या काळात रॅमचे भाव भराभर चढले होते. मी ४,३०० ला घेतलेली जोडी दुकानात आठ हजारांच्या पुढे गेली होती. पैसे घेतले असते तर तेवढ्यात एकच काडी आली असती. मी कळवलं की वॉरंटीत बदली लिहिली आहे, मला बदलीच हवी, थांबते. आठवडाभर शांतता. २४ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. फोन दुसऱ्या प्रयत्नात लागला, मराठीत बोलता आलं. बिलाची प्रत आणि आधीचे मेल अपलोड करावे लागतात, ते सगळं एका फोल्डरमध्ये असलं की दहा मिनिटांचं काम. २७ ला कंपनीनं माल पाठवल्याचं कळवलं. १ डिसेंबरला नवी जोडी हातात आली. पहिल्या तक्रारीपासून ३५ दिवस. ती लावून आधी मेमटेस्टच्या चारही फेऱ्या पूर्ण केल्या आणि तात्पुरती काडी मालकांना परत दिली, सोबत आईनं दिलेली शेंगाचटणी.

या काळात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो वाट बघण्याचा नव्हे, आपणच काहीतरी बिघडवलं असेल या भीतीचा. रात्री उठून मेल बघायचे. ज्यांना आता असं होतंय त्यांना सांगते, नवी रॅम सदोष निघणं हे होतं. चाचणीत लाल ओळी आल्या की त्यात तुमची चूक शोधत बसू नका, फोटो काढा आणि तिकीट टाका.

बाकीचे खर्च

नोव्हेंबरात दोनदा वीज गेली आणि जुना यूपीएस गेम चालू असताना क्षणभरही टिकला नाही. तो ६०० व्हीएचा होता, बॅटरीही दमलेली. १ केव्हीएचा नवा ५,४०० ला घेतला. आता आठ-नऊ मिनिटं मिळतात, गेम साठवून नीट बंद करायला पुरतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २४ इंचाचा फुल एचडी मॉनिटर ७,९०० ला आला आणि हॉलमधला टीव्ही आईला परत मिळाला.

ऑगस्टपासून सगळं धरून बेरीज ८२,३९० रुपये. मनात ५५ हजार धरले होते. जास्तीचे गेले ते विंडोज, अर्थिंग, यूपीएस आणि मॉनिटर यांत, म्हणजे ज्यांचा विचार तक्ता करताना मी केलाच नव्हता. जुना बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ७५० टीआय विकले नाहीत. समोरच्या घरातला मुलगा यंदा बारावीला आहे, भंगारातून मिळालेल्या एका पेटीत बाबा आणि तो मिळून ते बसवताहेत. सप्लाय मात्र नवा घ्यायला लावला.

सध्या गेममध्ये आम्ही शहरात पोचलोय. तिथे गर्दीत ४५ ते ५५ चित्रं येतात, बाहेर मी मुद्दाम ६० वर मर्यादा घातली आहे. त्यामुळे कार्ड ६४ अंशांच्या वर जात नाही आणि पंख्यांचा आवाजही कमी. उन्हाळ्यात हे आकडे किती चढतात ते बघून तेव्हा पुन्हा लिहीन.

काल रविवारी पुढची जाळी काढली. तीन आठवड्यांत तिच्यावर रुईचा पातळ गुलाबी थर बसला होता. बाबांनी ती नळाखाली धरली, झटकली, उन्हात वाळत घातली आणि तेवढा वेळ मला मशीन चालू करू दिलं नाही. भाऊ तिकडे ऑनलाइन येऊन थांबला होता. त्याला फोन करून सांगितलं, जाळी वाळतेय, अर्ध्या तासात येते.